सोड्याचा फेस आणि भट्टीशेजारचा धर्मोपदेशक

गाडीवर लिंबू सोडा पिताना एक गोष्ट बहुतेकांनी पाहिलेली असते. ग्लासात लिंबू पिळून झालेले असते, गोटी सोडा फोडून ओतलेला असतो आणि मग गाडीवाला वरून चिमूटभर काळे मीठ टाकतो. त्याच क्षणी फेस सर्रकन वर चढतो. सरावलेला माणूस तोंड आधीच ग्लासाजवळ नेऊन ठेवतो, नवखा माणूस शर्टावर सांडून घेतो. मीठ आणि सोडा यांची काहीतरी रासायनिक क्रिया झाली, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तसे काही झालेले नसते. हल्लीची मुले कोलाच्या बाटलीत मिंटच्या गोळ्या टाकून अंगणात दोन-तीन मीटरचे कारंजे उडवतात, तेही असेच. बाटलीत काही नवे तयार होत नाही. आधीपासून कोंडलेले होते ते फक्त बाहेर पडते.

हे कोंडण्याचे काम कसे करावे, याची साधी कृती छापून सगळ्या जगाला मोकळी करून देणारा माणूस पेशाने रसायनतज्ज्ञ नव्हता. तो चर्चमध्ये प्रवचने देत असे आणि बोलताना अडखळत असे. त्याचे नाव जोसेफ प्रिस्टली. शाळेच्या पुस्तकात हे नाव प्राणवायूच्या धड्यात एका ओळीत येऊन जाते. सोड्याची गोष्ट त्या ओळीत नसते.

जोसेफचा जन्म १७३३ सालचा, इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात, लीड्सजवळच्या एका खेड्यातला. वडील लोकरीच्या कापडावर शेवटचा हात फिरवण्याचा धंदा करत. आई लवकर गेली आणि मूल आत्याच्या घरी वाढले. घर कडक धर्मनिष्ठ होते, पण आत्याकडे निरनिराळ्या मतांचे उपदेशक येत, वाद घालत आणि जेवून जात. जोसेफ प्रकृतीने किरकोळ होता. अंथरुणावर पडल्या पडल्या तो भाषा शिकला. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू तर झाल्याच, पुढे अरबीपर्यंत मजल गेली. त्याचे कुटुंब सरकारमान्य चर्चबाहेरच्या पंथातले होते. अशांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे बंद असत. त्यामुळे डेव्हेंट्रीच्या पंथीय विद्यालयात शिकून तो धर्मोपदेशक झाला.

पहिली नोकरी फसली. बोलण्यातला अडखळेपणा होताच, त्यात त्यांची मतेही मंडळींना पचेनात. येशू देवाच्या बरोबरीचा नाही, असे मानणारा उपदेशक कोणाला हवा? ऐकायला येणारे कमी झाले, तशी कमाईही आटली. नॅन्टविचला त्यांनी शाळा काढली आणि चार पैसे साठताच हवा काढून घेणारा पंप आणि वीज निर्माण करणारे यंत्र विकत आणून मुलांना प्रयोग दाखवले. पुढे वॉरिंग्टनच्या विद्यालयात ते भाषा शिकवत. १७६२ मध्ये मेरी विल्किन्सन यांच्याशी विवाह झाला. मग लंडनमध्ये बेंजामिन फ्रँकलिन भेटले. त्यांच्या प्रोत्साहनाने प्रिस्टलींनी विजेचा इतिहास लिहिला, तो १७६७ मध्ये प्रसिद्ध झाला. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्याआधीच मिळाले होते.

त्याच वर्षी लीड्सच्या मिल हिल प्रार्थनागृहात वर्षाला शंभर गिनींवर त्यांची नेमणूक झाली. राहायचे घर अजून तयार नव्हते, म्हणून कुटुंब तात्पुरते दुसऱ्या घरात उतरले. शेजारी बिअरची भट्टी होती. आंबट वास, पिंपांची खडखड, गाड्यांची वर्दळ. दुसरा कोणी उपदेशक असता तर तक्रार करून घर बदलून घेतले असते. प्रिस्टली भट्टीत जाऊन उभे राहिले.

धान्याचा रस मोठमोठ्या हौदांत आंबत ठेवलेला असे. आंबताना त्यातून एक वायू निघतो. आपल्याकडे इडलीचे पीठ रात्रीतून फुगते, तोच हा कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी त्याचा अभ्यास काही वर्षांपूर्वी केला होता आणि त्याला बद्ध वायू असे नाव दिले होते. हा वायू हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे हौदातल्या रसावर तो सुमारे वीतभर किंवा थोड्या अधिक जाडीचा थर धरून बसे. प्रिस्टलींनी जळती ढलपी त्या थरात नेली की ती विझे. तिचा धूर वर जाण्याऐवजी थरातच अडके आणि मग हौदाच्या काठावरून ओघळत जमिनीवर उतरे. न दिसणारा वायू असा डोळ्यांना दिसला. त्यांना त्याचा जणू छंदच लागला.

मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. पाण्याची दोन भांडी त्या थरात धरली आणि पाणी या भांड्यातून त्या भांड्यात, त्या भांड्यातून या भांड्यात ओतत राहिले. आपण चहा गार करताना करतो तसेच. काही मिनिटांत पाण्याला किंचित आंबूस, चुरचुरीत चव आली. युरोपातल्या प्रसिद्ध झऱ्यांचे औषधी पाणी लोक महाग दराने विकत घेत, तशीच ही चव होती. पाहुण्यांना ते हे पाणी पाजत. पुढे ते घर सुटले, भट्टीचा फुकटचा वायू गेला आणि तो स्वतः तयार करण्याची पाळी आली. मला वाटते, इतिहासाच्या दृष्टीने हे घर बदलणेच जास्त महत्त्वाचे ठरले. भट्टी प्रत्येकाच्या शेजारी नसते. खडू आणि गंधकाम्ल मात्र कुठेही मिळते.

१७७२ मध्ये ते लंडनमध्ये एका उमरावाच्या घरी जेवायला गेले होते. तिथे समुद्राच्या पाण्याची वाफ करून मिळवलेले गोडे पाणी चाखायला ठेवले होते. आरमाराला ते उपयोगी पडणार होते. पाणी शुद्ध होते, पण अगदी बेचव. प्रिस्टलींना लीड्सचे हौद आठवले. या पाण्यात वायू मिसळला तर चव येईलच, पण त्याहून मोठे काही साधेल, असे त्यांच्या मनाने घेतले.

हे मोठे काही म्हणजे स्कर्व्ही. लांबच्या सफरीवर निघालेल्या खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि माणसे मरत. लढाईपेक्षा या रोगाने जास्त खलाशी गेले, असे आरमाराच्या इतिहासात पुन्हा पुन्हा वाचायला मिळते. डब्लिनच्या डेव्हिड मॅकब्राइड या वैद्याचे मत असे, की हा रोग म्हणजे शरीराचे आतून कुजणे आणि बद्ध वायू शरीरात गेला तर ते कुजणे थांबते. प्रिस्टलींनी हे मत स्वीकारले. मग वायू पोटात घालण्याचा सर्वांत सोपा मार्ग कोणता? पाणी.

त्यांनी त्याच वर्षी एक छोटी पुस्तिका छापली. बाटलीत खडूची पूड घ्यायची, त्यावर गंधकाम्ल घालायचे, निघालेला वायू डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत धरायचा, तिथून नळीने पाण्यात सोडायचा आणि भांडे हलवत राहायचे. किंमत क्षुल्लक, कृती सोपी. पुस्तिका त्यांनी आरमाराच्या प्रमुखांना अर्पण केली आणि कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवरील जहाजांवर हे साहित्य पाठवले गेले. या सफरीवर प्रिस्टलींनी स्वतः जावे, असेही आधी घाटत होते. पण त्यांच्या धर्ममतांना आक्षेप घेतला गेला आणि ते राहून गेले.

सोड्याच्या पाण्याने स्कर्व्ही बरा होत नाही. वायूचा त्या रोगाशी काही संबंधच नाही. जेम्स लिंड या आरमारी डॉक्टरने १७४७ मध्येच बारा आजारी खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय देऊन पाहिला होता आणि संत्री-लिंबे मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले होते. ते निष्कर्ष १७५३ मध्ये छापूनही आले होते. तरीही आरमाराने लिंबाचा रस सगळ्या जहाजांवर नियमाने द्यायला १७९५ साल उजाडले. क जीवनसत्त्वाचा शोध तर विसाव्या शतकातला. म्हणजे गाडीवरच्या लिंबू सोड्यातला औषधी भाग सोडा नसून लिंबू आहे, हे प्रिस्टलींच्या हयातीतच कळण्यासारखे होते. चुकीच्या सिद्धान्तावर विसंबून केलेली ही खटपट होती. तिच्यातून रोग हटला नाही, पेय मात्र जन्मले.

आता पुन्हा फेसाकडे. प्रिस्टलींच्या पाण्यात गोळी टाकली असती तर कारंजे उडाले नसते. नेहमीच्या हवेच्या दाबाला, गार पाण्यात साधारण त्याच्याच आकारमानाइतका कर्बवायू विरघळतो, म्हणजे एक लिटर पाण्यात एक लिटर वायू. दाबयंत्र वापरले तर याहून पुष्कळ जास्त वायू पाण्यात घालता येईल, हे प्रिस्टलींनी पुस्तिकेत सुचवले होते. जिनिव्हाच्या जेकब श्वेप यांनी तेच करून १७८३ मध्ये धंदा उभारला आणि पुढे तो लंडनला आणला. दाब जितका वाढवावा तितका वायू जास्त विरघळतो, हा नियम विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडला. आजच्या कोलाच्या एका लिटरमध्ये तीन ते चार लिटर वायू असतो. दोन लिटरच्या बाटलीत सात लिटरच्या आसपास वायू दबा धरून बसलेला असतो.

झाकण उघडताच दाब उतरतो. खरे तर वायूने लगेच बाहेर पडायला हवे, पण तो पडत नाही. का? कारण बुडबुडा जन्मणे अवघड असते. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या रबरी फुग्यासारखा वागतो आणि बुडबुडा जितका लहान तितका त्याला आत दाबणारा ताण मोठा. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी त्रिज्या असलेल्या बुडबुड्यावर पाण्यात जवळजवळ दीड वातावरणाचा जादा दाब पडतो. याहूनही चिमुकला बुडबुडा जन्मतो न जन्मतो तोच चेपला जातो. म्हणून वायूला आयती जागा लागते, म्हणजे खरखरीत पृष्ठभागावरची अशी एखादी बारीक खाच, जिच्यात थोडी हवा आधीच अडकलेली आहे. तिथे शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. काचेच्या ग्लासात एकाच ठिकाणाहून बुडबुड्यांची माळ वर येताना दिसते, तिथे अशी खाच किंवा कापडाचा एखादा तंतू चिकटलेला असतो.

मिठाचा प्रत्येक कण आपल्याबरोबर अशा जागा घेऊन येतो. मिंटच्या गोळीवर साखरेचे पातळ थर एकावर एक चढवलेले असतात. हाताला ती गुळगुळीत लागते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर खड्डेच खड्डे दिसतात. शिवाय ती जड असते आणि सरळ तळाशी जाते. तळाशी सुटलेला बुडबुडा वर येईपर्यंत वाटेतला वायू गोळा करत फुगतो आणि अख्खा स्तंभ ढवळून काढतो. अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञ टोन्या कॉफी यांनी २००८ मध्ये या कारंज्याचा रीतसर अभ्यास करून प्रसिद्ध केला. कारंज्याआधी आणि नंतर कोलाची आम्लता तेवढीच राहते, म्हणजे ही आम्ल-अल्काची क्रिया नव्हे, हे त्यांनी दाखवले. गोळी कुटून टाकली तर कारंजे बसते, कारण चुरा हळू बुडतो. कोमट कोला गारपेक्षा उंच उडतो. साखरेऐवजी ॲस्पार्टेम घातलेला कोला जास्त उसळतो, कारण ॲस्पार्टेम आणि टिकवण्यासाठी घातलेले बेंझोएट बुडबुड्याचा जन्म सोपा करतात. कॅफिनमुळे असे होते, ही समजूत टिकली नाही.

गोळी खाऊन वर कोला प्यायले तर पोट फुटून माणूस मरतो, असा निरोप मोबाइलवर अधूनमधून फिरतो. तो आला तर पुढे पाठवू नये. चघळताना गोळीचा खरखरीत थर लाळेने विरघळून गेलेला असतो आणि घोट घेताना बराच वायू तोंडातच निसटतो. उरलेला ढेकरेवाटे बाहेर येतो. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांना मात्र ही मजा महागात पडेल. तीनशे मिलिलिटर साध्या कोलात साखर तीस ग्रॅमच्या वर असते. काळजी करायचीच तर ती या साखरेची करावी. मुलांनी कारंजे जरूर उडवावे, अंगणात उडवावे, पण गोळी टाकून झाकण लावण्याचा उद्योग करू नये. सात लिटर वायू झाकणाला जुमानत नाही आणि ते उडालेले झाकण डोळ्यावर बसू शकते.

प्रिस्टलींना या पाण्याने पैसा मिळवून दिला नाही, तशी त्यांची इच्छाही नव्हती. मान मिळाला. वायूंवरील कामासाठी रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले. मूत्राशयाच्या पिशवीमुळे पाण्याला नको ती चव येते, अशी टीका नूथ नावाच्या डॉक्टरांनी केली आणि काचेचे नवे यंत्र केले, तेव्हा प्रिस्टली जरा चिडलेही. एक गंमत अशी, की पुदिन्याशी त्यांचा संबंध खराच होता. ऑगस्ट १७७१ मध्ये मेणबत्ती जळून विझलेल्या कोंडलेल्या हवेत त्यांनी पुदिन्याचे रोप ठेवले. दहा दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. झाडे हवा शुद्ध करतात, हे आपण आज सहज म्हणतो, त्याची सुरुवात त्या पुदिन्यापासून आहे.

नंतर लॉर्ड शेलबर्न यांच्याकडे ग्रंथपाल म्हणून ते गेले. तिथे १ ऑगस्ट १७७४ रोजी एक फूट व्यासाच्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून त्यांनी पाऱ्याचे लाल भस्म तापवले. निघालेल्या वायूत मेणबत्ती झगझगीत जळली. पुढे त्या वायूत उंदीर नेहमीच्या दुप्पट वेळ तगला, तेव्हा प्रिस्टलींनी तो स्वतः हुंगून पाहिला आणि छाती हलकी झाल्यासारखे वाटले, अशी नोंद केली. हा प्राणवायू. स्वीडनच्या शेले यांनी तो आधी मिळवला होता, पण त्यांचे लेखन उशिरा छापले गेले. ऑक्टोबरमध्ये पॅरिसला लाव्हाझिए यांच्याकडे जेवताना प्रिस्टलींनी सगळे मोकळेपणाने सांगून टाकले. लाव्हाझिए यांनी त्यावरून नवे रसायनशास्त्र उभे केले. प्रिस्टली मात्र जळणाऱ्या वस्तूतून फ्लॉजिस्टॉन नावाचे द्रव्य बाहेर पडते, हे जुने मत शेवटपर्यंत सोडू शकले नाहीत. स्कर्व्हीच्या बाबतीत दुसऱ्याचे मत त्यांनी फार लवकर मानले, इथे फार उशिरापर्यंत मानले नाही. इतक्या बारकाईने पाहणारा माणूस स्वतःला सापडलेल्या वस्तूचा अर्थ चुकतो, याचे मला अजून नवल वाटते.

१७८० पासून ते बर्मिंगहॅमला होते. जेम्स वॉट, वेजवुड, इरॅस्मस डार्विन असा मित्रमेळा जमला. ही बहुधा त्यांच्या आयुष्यातली सर्वांत सुखाची वर्षे. पण फ्रेंच राज्यक्रांतीची उघड बाजू घेणारा आणि सरकारी चर्चवर लिहिणारा माणूस गावात अनेकांच्या डोळ्यांत सलत होता. १४ जुलै १७९१ रोजी काही मंडळींनी बॅस्टिलच्या पाडावाच्या वाढदिवसानिमित्त जेवण ठेवले. प्रिस्टली तिकडे गेलेही नव्हते. संध्याकाळी पती-पत्नी घरी सोंगट्या खेळत असताना जमाव येत असल्याची बातमी आली. जेमतेम निघता आले. जमावाने आधी दोन प्रार्थनागृहे पेटवली होती, मग घर पेटवले. प्रयोगशाळा, ग्रंथसंग्रह, वर्षानुवर्षांची हस्तलिखिते गेली. फाटलेले कागद रस्त्यावर विखुरले होते. दंगल काही दिवस चालली. नुकसानभरपाई मिळाली, पण मागितली त्यापेक्षा कमी.

लंडनजवळ हॅकनीला काही काळ काढला, पण तिथेही लोक टाळू लागले. एप्रिल १७९४ मध्ये साठी उलटलेले प्रिस्टली आणि मेरी अमेरिकेच्या जहाजावर चढले. ते समुद्रात असतानाच, ८ मे रोजी, पॅरिसमध्ये क्रांतीच्या सरकारने लाव्हाझिए यांचा शिरच्छेद केला.

पेनसिल्व्हेनियात, सस्क्वेहाना नदीकाठच्या नॉर्थम्बरलँड गावात त्यांनी घर बांधायला घेतले. फिलाडेल्फियाच्या विद्यापीठाने रसायनशास्त्राचे प्राध्यापकपद देऊ केले, ते त्यांनी नाकारले. डिसेंबर १७९५ मध्ये धाकटा मुलगा हॅरी गेला. सप्टेंबर १७९६ मध्ये, घर पुरे होण्याआधी, मेरी गेल्या. प्रिस्टली प्रयोग करत राहिले. घरात प्रयोगशाळेसाठी वेगळा भाग होता. तिथे १७९९ मध्ये त्यांनी कार्बन मोनॉक्साइड वेगळा केला, म्हणजे बंद खोलीत शेगडी पेटवल्यावर जीव घेतो तो वायू. थॉमस जेफरसन यांच्याशी पत्रव्यवहार चालू होता. जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर आपल्याला अनुकूल सरकार आयुष्यात प्रथमच लाभले, याचे त्यांना समाधान होते.

१८७४ मध्ये प्राणवायूच्या शोधाला शंभर वर्षे झाली, तेव्हा अमेरिकेतले रसायनतज्ज्ञ याच घरी जमले. अमेरिकन केमिकल सोसायटी स्थापन करण्याचा विचार तिथे पुढे आला आणि दोन वर्षांत ती संस्था उभी राहिली.

६ फेब्रुवारी १८०४ च्या सकाळी अंथरुणावर पडलेल्या प्रिस्टलींनी आपल्या लिखाणातल्या काही दुरुस्त्या तोंडी सांगितल्या. लिहून घेणाऱ्याने त्या वाचून दाखवल्या, पण त्याच्या शब्दांत. प्रिस्टलींनी त्या पुन्हा, जशा सांगितल्या तशाच, लिहायला लावल्या. आता बरोबर झाले, असे सांगून त्यांनी मान टेकली. काही मिनिटांत ते गेले.